एका दारात दोन शब्द

कादिस, २४ ऑक्टोबर १९९३

प्रिय हेर्मान,

आम्ही बरे आहोत आणि तुम्हीही तिकडे बरे असाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहून टाकलं. काल तुम्हा दोघा जुळ्यांचा नामदिवस. गावाच्या दोन राखणदार संतांची नावं तुमच्या आईनं तुम्हा दोघांत वाटून टाकली, त्यामुळे या दिवशी घरात केक असतोच. काल तुला फोन केला नाही म्हणून रागावू नकोस, आमचा फोन बिघडलाय.

पत्रावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सेर्वांदोचा उजवा हात दुखावलाय. चानोच्या बारमधल्या ओल्या फरशीवरून घसरला. विशेष काही नाही, पण लिहिता येत नाही. म्हणून तो बोलतो आणि मी लिहिते.

कार्निवलची गाणी कुठं अडली म्हणून तू दर पत्रात डोकं खातोस. घे तर. यंदा त्यानं ओळी दिल्याच नाहीत, नुसते शब्द दिलेत, आणि तेसुद्धा एकात एक घुसलेले. हात दाखवायला जिथं गेलो त्या जागेला तो ‘कैदवाखाना’ म्हणतो. परवा रस्त्यावरचे दिवे लागायच्या वेळी खिडकीत बसला होता, समुद्राकडं बघत म्हणाला, “संध्याकाळजी.” पूर्वेचा तो गरम वारा सुटला, तेव्हा म्हणाला, “उनारा.” तुमचा लहानपणचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला, “आठवणवा.” मी बोट भाजल्यासारखी दचकले. आणि मला काय म्हणतो माहितीये? ‘आयको’. मी त्याला चमच्यानं सूप भरवत होते, हात दुखतोय ना, तर माझ्याकडं बघून म्हणाला, “आयको.” आई आणि बायको. हसावं की चमचा फेकून मारावा, मला कळेना.

असे शब्द तो पूर्वीही करायचा, तुला माहीतच आहे. गुरुवारी दुपारीच दुकान बंद करून ‘आज गुरुक्रवार’ म्हणायचा. थिएटरात लोक केवळ शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवतात, त्याला त्यानं दिलेलं ‘कंटाळी’ हे नाव तर आता गावभर झालंय. पण तेव्हा अधूनमधून एखादा यायचा. आता दुसरं काही येतच नाही. नवी तऱ्हा आहे, असं समज. चाल लाव.

तुझी वहिनी,
रेग्ला

&nbsp;

रॉटरडॅम, ९ नोव्हेंबर १९९३

रेग्ला वहिनी,

तुझं पत्र मी गोदीत जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि माझं सँडविच तसंच राहिलं. घरी माझ्या हानेकेला मी रात्री ते शब्द डच भाषेत समजावून सांगायला बसलो आणि दोनदा डोळे पुसले. ती म्हणाली, “तुम्ही लोक विनोद ऐकून रडता का?” मी म्हटलं, हा विनोद नाही, बाई.

तू बघ ना. ‘कैद’ ज्या अक्षरावर संपते, त्याच अक्षरावर ‘दवाखाना’ सुरू होतो. त्यानं दोघांना त्या एकाच अक्षरावर उभं केलंय. संध्याकाळ आणि काळजी यांच्यामध्ये तर सबंध ‘काळ’ सामाईक आहे. इतकी वर्षं हे दोन शब्द रोज आपल्या तोंडात होते, एकमेकांना चिकटून होते, आणि आपल्या कुणाला दिसलं नाही! मी आयुष्यभर जहाजाचे पत्रे जोडत आलोय, मला सांध्याची पारख आहे. चांगल्या सांध्यावर बोट फिरवलं तरी लागत नाही. हे सांधे लागत नाहीत. कुठून आणलं हे त्यानं? आम्ही इतकी वर्षं असंच काम करतोय, त्यानं शब्द लिहायचे, मी चाल लावून कॅसेट पोस्टात टाकायची, पण असं काही त्यानं कधी पाठवलं नव्हतं. मला त्याची थोडी भीतीच वाटली, देवळात मोठा घंटानाद झाल्यावर वाटते तशी.

चाल निम्मी झालीय. पण एक सांग. दरवर्षी तो शब्दांच्या खाली मला एक सणसणीत शिवी पाठवतो. माझी गिटार म्हणजे मांजराचा पोटशूळ वगैरे. यंदा एकही नाही. हात दुखतोय, तोंड तर चालतंय ना? त्याला म्हणावं, शिवी पाठव, नाहीतर चाल मिळणार नाही. आणि माझं नाव तरी काढतो का?

तुझा,
हेर्मान

&nbsp;

कादिस, २० नोव्हेंबर १९९३

हेर्मान,

फोन बिघडलेला नाही. मीच त्याची तार काढून ठेवलीय. तू फोन करशील आणि त्याला बोलायला सांगशील, याची मला भीती वाटत होती.

तो घसरला नाही. सप्टेंबरात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. चानोच्या बारमध्येच. सगळे होते, मीही होते. त्याला ग्लास मागायचा होता की बाटली, कोण जाणे, तो म्हणाला, “चानो, एक ग्लाटली दे.” सगळे हसून फुटले. चानोनं खडू घेऊन पाटीवर लिहिलं, ‘आजपासून इथे ग्लाटली मिळेल’. सेर्वांदो पुन्हा काहीतरी बोलला, तेही तसंच, आणि आणखी हशा. दुसरी फेरी आली. कोळंबीची भजी माझ्या हातात होती आणि मी हसता हसता ठसका लागून खोकत होते. पेला त्याच्या हातून पडला, तेव्हा कुठं चानोचा चेहरा उतरला. दुसऱ्या कुठल्याही गावात माणूस असं बोलायला लागला तर डॉक्टर बोलावतात. आपण त्याला आणखी एक पेला भरून दिला. ही चूक फक्त कादिसचीच माणसं करू शकतात.

डॉक्टर तरुण आहे, चांगली पोरगी आहे. ती म्हणते, त्याला एका गोष्टीसाठी एका वेळी दोन शब्द सुचतात आणि दोन्ही एकदम बाहेर पडतात. ती म्हणते, “याला अर्थ शोधू नका हो. ही पडझड आहे.” तिनं नाव विचारलं की तो दर वेळी ‘सेर्मान’ म्हणतो. असं काही नाव नसतं. तिनं कागदावर लिहिलं, रुग्णाला स्वतःचं नाव सांगता येत नाही. तू विचारलंस म्हणून खरं सांगते, तुझं नाव त्यानं एकदाही घेतलेलं नाही. राग मानू नकोस, त्याला स्वतःचंच आठवत नाही तर तुझं कुठून आठवणार.

घरी आल्यावर मी सगळ्यांना बजावलं, त्याच्यासमोर कुणी हसायचं नाही. चानोला तर दारातच अडवलं. गाण्याची मंडळी येतात, टोप्या हातात धरून बसतात, मान हलवतात, निघून जातात. सेर्वांदो एकेकाचं तोंड बघायचा. सर्व संतांच्या दिवसापासून, म्हणजे एक तारखेपासून त्यानं बोलणंच बंद केलंय. खातो, झोपतो, खिडकीत बसतो. तुला पाठवले ते त्याचे शेवटचे शब्द होते. तू गाणी मागत होतास आणि माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

कार्निवलच्या आपल्या मंडळीसाठी गाणी लिहायला दुसरा कुणी बघू का, असं चानो विचारतोय. मला तर वाटतं सेर्वांदो आता परत यायचाच नाही. मी काय सांगू चानोला?

रेग्ला

&nbsp;

रॉटरडॅम, १ डिसेंबर १९९३

रेग्ला,

पत्र मी क्रेनखाली उभ्या उभ्या वाचलं. मुकादम ओरडत होता, मला ऐकू येत नव्हतं.

सेर्मान असं नाव असतं. ते आमचं नाव आहे.

आमची आई आम्ही अकरा वर्षांचे असताना गेली, म्हणून तू ते कधी ऐकलं नाहीस. संध्याकाळी ती गच्चीवरून हाक मारायची. आम्ही दोघं किनाऱ्यावर एकमेकांची डोकी वाळूत खुपसत असायचो. तिला दोघंही एकदमच हवे असायचे, आणि कुणाचं नाव आधी घ्यावं हे तिला कधी ठरवता आलं नाही. मग सेर्वांदो आणि हेर्मान एकदम तिच्या तोंडात यायचे आणि अख्ख्या गल्लीवरून एकच आरोळी जायची, “सेर्माssन!” त्या हाकेला आम्ही दोघांनी मिळून धावायचं असायचं. एकटा गेला तर पाव मिळायचा नाही. ते नाव माहीत असलेली या पृथ्वीवर आता दोनच माणसं उरलीत. एक मी आणि दुसरा तुझ्या खिडकीत बसलाय.

तो माझं नाव घेत नाही म्हणतेस? तो दर वेळी घेतोय. डॉक्टरीणबाई त्याला एकट्याचं नाव विचारते आणि तो दोघांचं सांगतो.

आता ती म्हणते ती पडझड. असेलही, मी काही डॉक्टर नाही. पण मी रात्रभर त्याचाच विचार करतोय. आपण बोलतो तेव्हा आपल्याही दाराशी दोन-दोन शब्द धावत येत असतील. दारवान एकाला बाहेर सोडतो, दुसऱ्याला मागं ढकलतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या मागं ढकललेल्यांचं काय होतं? तू त्याला भरवत होतीस तेव्हा तू त्याची बायको होतीस आणि आईही होतीस. मी असतो तर एक काहीतरी म्हणालो असतो आणि अर्धं खोटं बोललो असतो. त्याचा दारवान पडलाय, म्हणून दोन्ही खरी माणसं हात धरून बाहेर आली. आई शहाणीसुरती होती, तिनं प्रेमापोटी केलं. गावातले टवाळ गंमत म्हणून करतात. याच्या बाबतीत आजारानं केलं. पण दार तेच आहे, रेग्ला. मी पन्नाशी ओलांडली आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात हे असं चालतं, हे मला आज कळलं. मला कुणासमोर तरी गुडघे टेकावेसे वाटतायत.

आणि आता रागावून लिहितो. तू सगळ्यांना हसायची बंदी केलीस? सेर्वांदोसमोर? अगं, त्याला हसण्याची लाज कधी वाटली? तो जन्मभर लोकांच्या हसण्यावर जगला. आपल्या गावात माणसाला कुणी हसत नाही ते फक्त त्याच्या प्रेतयात्रेत. त्यानं तोंड उघडलं आणि समोर सगळे टोप्या हातात धरून बसलेले दिसले, तेव्हा त्याला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, आपण मेलो.

दुसरा कुणी बघू नका. कॅसेट पाठवतोय.

हेर्मान

&nbsp;

कादिस, ७ जानेवारी १९९४

हेर्मान,

तुझं पत्र वाचून तुझा असा राग आला की ते मी फाडणार होते. मग स्वयंपाकघरात बसून रडले. मग फोनची तार पुन्हा जोडली आणि चानोला फोन केला.

काल तीन राजांच्या सणाला सगळी मंडळी घरी आली. आधी मी तुझ्या आईचा प्रयोग करून बघितला. तो खाली चौकात बाकावर बसला होता. मी गच्चीत गेले आणि जमेल तितक्या मोठ्यानं ओरडले, “सेर्माssन!” शेजारणी खिडकीत आल्या. हेर्मान, तो उठला. काठी न घेताच उठला आणि वर न बघता आधी शेजारी बघितलं, उजवीकडं, डावीकडं, कुणीतरी बरोबर आहे का ते. तुला शोधत होता रे. 

वर आल्यावर कॅसेट लावली. तुझी गिटार सुरू झाली आणि मी त्याच्यापुढं औषध घातलेला सूपचा वाडगा ठेवला. तो त्याकडं बघून तोंड वाकडं करून म्हणाला, “सूषध.” दोन महिन्यांनी पहिला शब्द. कुणी हसायला धजेना. मी चानोला टेबलाखालून लाथ घातली. बिचारा घाबरत घाबरत हसला, खोटंच हसला, मग ‘सूषध, सूषध’ करता करता खरंच हसू फुटलं आणि त्याचं ते ढोलासारखं पोट गदागदा हलायला लागलं. सेर्वांदो त्याच्याकडं बघत राहिला. आणि मग तोही हसला, एका बाजूनं. आणि मग रडला. माझ्याकडं वळून म्हणाला, “रडसू.” ते शब्दकोशात नाही आणि मला त्या क्षणी दुसरं काही चाललंही नसतं.

तेव्हापासून तोंड बंद नाही. आज तपासणीला गेलो तर त्यानं तिला तोंडावर ‘डॉकटकट’ म्हटलं. पोरगी खुर्चीतून पडता पडता वाचली. तुझ्या पत्रातलं आईचं सगळं मी तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, कागद काढला आणि ते नावाचं वाक्य खोडलं. म्हणाली, “हे मला कुणी शिकवलं नव्हतं.” तिला नाटकघराचं तिकीट हवंय.

आणखी एक नवल. बोलताना अडखळणारा हा माणूस तुझी जुनी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत गातो, एक अक्षर न चुकता. डॉकटकट म्हणते, गाण्याचं दार वेगळं असतं. किती दारं आहेत आपल्या आत!

यंदा त्याचेच शब्द गायचे ठरलंय. पोशाखही तसेच शिवतेय, उभे दोन भाग. चानो अर्धा पोलीस, अर्धी नवरी. त्याला नवरीचा भाग घट्ट होतोय.

तू येशील ना?

रेग्ला

&nbsp;

रॉटरडॅम, २० जानेवारी १९९४

वहिनी,

येऊ शकत नाही. हानेकेचं कमरेचं ऑपरेशन नेमकं तुमच्या कार्यक्रमाच्याच आठवड्यात आहे आणि तिला माझ्याशिवाय कुणी नाही. तिलाच वाईट वाटतंय, ती म्हणते जा. नाही जमणार.

एक वचन दे. पडदा उघडण्याआधी कुणीही प्रेक्षकांना सांगायचं नाही की तो आजारी आहे. कंटाळी वाजली तर वाजू दे. दयेनं वाजलेली टाळी तो सहन करणार नाही, पुन्हा तोंड मिटेल, आणि या वेळी ते तुला-मला उघडता येणार नाही. दोन गाण्यांच्या मध्ये त्याला पुढं उभा करा आणि त्याला जे यायचं ते येऊ द्या. वरच्या गॅलरीवर विश्वास ठेव. त्या लोकांनी भल्याभल्यांना झोडलंय, पण खोटी टाळी कुणालाच दिलेली नाही.

हेर्मान

&nbsp;

कादिस, ५ फेब्रुवारी १९९४

प्रिय हेर्मान,

काल गायलो. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

मी पडद्याच्या कडेला सुई-दोरा घेऊन उभी होते, कारण चानोची नवरी शिवणीत उसवत होती. पहिलं गाणं चांगलं गेलं. ‘संध्याकाळजी’ला एक बाई पहिल्या रांगेत नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली ती तशीच राहिली. मग ढोल थांबला आणि सेर्वांदो काठी टेकत पुढं आला. अर्धा नाखवा, अर्धा राजा.

त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही.

पुन्हा उघडलं. नाही आलं. सबंध थिएटर गप्प. मला त्या टोप्या हातात धरलेल्या माणसांची आठवण झाली. खाली कुणीतरी ‘बिचारा’ म्हणाल्याचं ऐकू आलं आणि दोन-चार टाळ्या वाजल्या, त्या मऊ, दवाखान्यातल्या. मी मनात म्हटलं, संपलं. मीच त्याला इथं आणला आणि मीच त्याला पुरला.

तेवढ्यात त्यानं काठी चानोकडं दिली. चांगला हात हळूहळू वर केला, दिव्यांकडं, झालरीकडं, गॅलरीकडं फिरवला, जसं कुणी खूप दिवसांनी परत येऊन स्वतःची खोली बघतं. आणि स्वच्छ म्हणाला, “घरंगमंच.”

पुन्हा शांतता. पण ती वेगळी होती, तुला सांगता येत नाही कशी. आणि मग सगळ्यात वरून, छताला लागून बसतात त्या टवाळांमधून, एक घोगरा आवाज आला, “शाब्बासेर्वांदो!”

त्यानं मान वर केली. डोळे असे चमकले! दुसऱ्या बाजूनं दुसरा कुणी ओरडला, मग तिसरी, आणि मग सबंध थिएटर दोन-दोन शब्द एकत्र करून त्याच्या अंगावर फेकायला लागलं. निम्मे तर काहीच्या काही होते. लोक हसत होते, एकमेकांना ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ विचारत होते, आणि तो प्रत्येकाला बोटानं मार्क देत होता, हा पास, हा नापास. डॉकटकट खुर्चीवर उभी राहिली होती. हेर्मान, मी देवळात रोज जाते, पण छत असं उघडल्यासारखं मला तिथं कधी वाटलं नाही. हजार माणसांच्या आत एकदम ती दारं उघडली आणि एकाच्याही दारवानानं कुणाला ढकललं नाही. त्या वरच्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं की तो आजारी आहे. आणि त्या वेळी तो नव्हताच.

आज सकाळी मासळीबाजारात गेले. माझी नेहमीची कोळीण मोरी मासा कापत होती. मान वर न करता म्हणाली, “रेग्ला, डोकं झाकून घे, उनारा सुटलाय.” तिनं तो शब्द असा वापरला जणू तिच्या आजीपासून चालत आलाय. मी पैसे दिले आणि मासे तिथंच विसरून आले.

खालचं अक्षर माझं नाही. मी त्याला मदत केलेली नाही. डाव्या हातानं लिहायला त्याला अख्खी दुपार लागली आणि मला बघू देत नव्हता. आत्ता पाकीट बंद करताना वाचलं. तू मागितलेली शिवी आहे.

रेग्ला

*गाढवाजंत्री,*

*ये. पाव आहे.*

*सेर्मान*